बेस ऐकायला बसलास ते बरं केलंस

प्रिय पोरा,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला आणि सकाळी चहासोबत परत एकदा वाचला. चार्ली हेडन या अमेरिकन जॅझमधल्या डबल बेसवाल्यानं तुझी झोप उडवली, हे वाचून आनंद झाला. आपल्याकडे गायकावर जीव टाकणारे पुष्कळ भेटतात, तबल्यावरही भेटतात. स्टेजच्या कोपऱ्यात उभं राहून खालचे सूर धरणाऱ्या माणसावर जीव टाकणारा पोरगा जळगावात निघाला, याचं मला जरा नवलच वाटलं.

लग्नाच्या ऑर्केस्ट्र्यात बेस गिटार वाजवणं सोडू का, तो उभा धरून वाजवायचा माणसाएवढा डबल बेस कुठे मिळेल आणि आता कुठला अल्बम ऐकू, हे सगळं तू एका दमात विचारलंस. मी काही वाजवणारा नाही. माझं आयुष्य भुसावळच्या आसपास माइक, भोंगे आणि मिक्सर लावण्यात गेलं. कीर्तन, यात्रेतला तमाशा, लग्नं, गणपती, पुढाऱ्यांच्या सभा, जे आलं ते केलं. तेव्हा मी सांगेन ते ऐकणाऱ्याच्या बाजूनं असेल. वाजवायचं कसं ते तुझ्या उस्तादांना विचार.

आधी एक टोचून बोलतो, राग मानू नको. मेसेजभर तू ‘जबरदस्त’, ‘खतरनाक’, ‘लई डीप’ असं लिहिलंयस. काय डीप? कुठल्या गाण्यात, कुठल्या ठिकाणी? ज्या वादकावर आपला जीव आहे, त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाही वादकाला लागू पडणार नाहीत अशी चार-पाच वाक्यं आपल्याला सांगता आली पाहिजेत. ती सांगता येईपर्यंत नवा अल्बम मागू नको. आहेत तेच ऐक. ऐकायचं कसं, एवढ्यापुरतं हे पत्र आहे.

पहिली गोष्ट, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं बंद कर. डबल बेसची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर, बोलते. तुझ्या बेस गिटारची ई पण तिथेच, कारण दोन्ही वाद्यांचं ट्यूनिंग एकच आहे. त्यावरची ए ५५ वर, डी साधारण ७३ वर आणि सगळ्यात बारीक जी ९८ वर. मोबाइलचा चिमुकला स्पीकर साधारण २०० च्या खाली धड काही वाजवतच नाही. म्हणजे चारही मोकळ्या तारांचा मूळ सूर त्यातून बाहेरच पडत नाही. तरी तुला बेस ऐकू येतो, तो कसा? तार हलते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूरही निघतात. ते कानावर पडले की आपला मेंदू खालचा गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे इतके दिवस तू ज्याच्यावर फिदा आहेस तो बेस अर्धा हेडनचा आणि अर्धा तुझ्या डोक्यातला. कान पूर्ण झाकणारा, वायरचा, साधा हेडफोन घे. महागाचा नको. आणि मोबाइलमधलं ते ‘बेस बूस्ट’ बंद करून टाक. इक्वलायझरच्या सगळ्या दांड्या एका रेषेत ठेव. स्टुडिओत बसलेल्या माणसानं डोकं लावून जे बसवलंय, ते आपण अंगठ्यानं कशाला बिघडवायचं?

आपल्या भागात हे जरा अवघड जातं, ते का ते मला माहीत आहे. आपल्याकडे बेस म्हणजे डीजेचा बेस. हळदीच्या रात्री मांडवाचे पत्रे थरथरतात, पाण्याच्या टाकीवरचं झाकण नाचतं आणि म्हातारी माणसं कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसतात. तो बेस छातीवर बसतो हे खरं, पण त्याचा सूर कोणता असं विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. बहुतेक वेळा सूर नसतोच, पेटी जिथं घुमते तिथला एक धक्का असतो. ते डबे मीही लावलेत, पोट भरलंय त्यावर, त्यामुळे नावं ठेवत नाही. पण त्या धक्क्याची कानाला सवय झाली की बेसमध्ये सूर शोधायचं आपण विसरतो. हेडनकडे प्रत्येक ठोक्याला सूर आहे, आणि तो सूर कुठून निघाला आणि कुठं जाऊन थांबला तेही कळतं.

आता ‘लोनली वुमन’ लाव. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ या अल्बमवरचं पहिलंच. २२ मे १९५९ ला हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झालं. हेडन तेव्हा २१ वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा. सुरुवातीला फक्त बेस आणि ड्रम आहेत. हेडन दोन तारा एकदम छेडतो. एक मोकळी घुमत राहते, दुसरीवर बोटं सरकतात. बिली हिगिन्सची झांज मात्र भरधाव चाललेली. आणि मग या दोघांच्याही वेगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, ती दुखरी धून म्हणायला लागतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पहाटेचं जातं आठवलं. खाली जात्याची घरघर आपल्या गतीनं चालू आणि वर आजीची ओवी आपल्या श्वासानं. ओवी लांबली तरी जातं थांबत नाही आणि जातं फिरतंय म्हणून ओवी घाई करत नाही. दोन वेग एकाच वेळी नांदतात. हे तुझ्या कानाला नवं नाही, फक्त डबल बेसवर ऐकलेलं नव्हतं.

या संचात पियानो नाही, हे लक्षात घे. पियानो असला की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, वाजत राहतात आणि बेसवाल्याला आपली जागा आयती कळते. इथे कोलमन वाटेल तिकडे वळणार, आणि तो कुठे वळतोय हे कानानं ओळखून त्याच्या खाली सूर सरकवायचा, हे हेडनचं काम. त्यासाठी बोटांच्या वेगापेक्षा कान जास्त लागतो. ऐकताना सॅक्सोफोन सोडून दे आणि फक्त बेस धर. मधेच निसटेल, परत धर. दोन-चार दिवस हेच कर. मग बेसची ओळ तोंडानं गुणगुणून बघ. आवाज तितका खाली जाणार नाही, वरच्या सप्तकात गा, चालतं. जिथं गुणगुणता येत नाही तिथं तू अजून ऐकलेलं नाहीस.

त्यानंतर एकच सूर घे आणि त्याच्या मागे लाग. बोट तारेवरून सुटताना एक गुबगुबीत ‘डुम्’ येतो, नखाची किंवा धातूची किरकिर नाही. कारण हेडनच्या वाद्याच्या वरच्या दोन तारा आतड्याच्या असायच्या, पोलादाच्या नव्हेत. आतड्याची तार जाड, मऊ, थोडी आळशी. तिचा आवाज काठावर गोल असतो आणि मागे लाकूड ऐकू येतं. सत्तरच्या दशकात पोलादी तारा आणि पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडून ॲम्प्लिफायरला देणारा तुकडा, सर्रास झाले, तारा फिंगरबोर्डाच्या जवळ आणता आल्या, वाजवणं हलकं झालं आणि वेग वाढला. त्या काळातली बरीच रेकॉर्डिंग मला आजही ऐकवत नाहीत. बेस रबर ताणल्यासारखा ‘म्यांव’ करतो. हा माझा खडूसपणा समज. पण हेडननं लाकडाचा आवाज सोडला नाही. आणि सूर सोडण्याआधी तो त्याला पुरता वाजू देतो. पुढचा सूर येईपर्यंत मागचा उभा असतो. बरेच बेसवाले सुराची सुरुवात सांभाळतात, शेवट वाऱ्यावर सोडतात. हेडनचा शेवट ऐक. तिथं हात काय करतोय ते कळलं की तुझं वाजवणं बदलेल.

आता एक खेळ सांगतो, मला फार आवडतो. ‘फ्री जॅझ’ नावाचा कोलमनचाच अल्बम, २१ डिसेंबर १९६० चं रेकॉर्डिंग, एकच तुकडा सुमारे ३७ मिनिटांचा. आठ माणसं, म्हणजे चौघांचे दोन संच एकाच वेळी वाजवतायत. एक संच डाव्या कानात, दुसरा उजव्या. डावीकडे स्कॉट लाफारोचा बेस, उजवीकडे हेडनचा. आधी डावा हेडफोन झाकून नुसता उजवा ऐक, मग उलट कर. लाफारो वरच्या पट्टीत धावतो, मधेच गिटारसारखा बोलतो, त्याचे सूर चपळ. हेडन खाली उभा, सूर मोजका आणि भरीव. हे दोघं मित्र होते, लॉस एंजेलिसला एका घरात राहिलेले. ६ जुलै १९६१ ला लाफारो मोटार अपघातात गेला, वय अवघं २५. थोडेच दिवस आधी त्यानं पियानोवाल्या बिल इव्हान्सबरोबर न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये जे वाजवलं, त्यावर पुढच्या दोन पिढ्यांचे बेसवाले वाढले. तुझ्या वयाची पोरं लाफारो ऐकली की हेडनला साधा म्हणतात. म्हणू दे. दोघांचंही कौतुक करता येतं, पण दोघं वेगवेगळं काय करतायत ते एकेका कानानं ऐकल्याशिवाय कळत नाही. सगळे ३७ मिनिटं एका बैठकीत ऐकू नकोस, डोकं उठेल. माझंही उठतं.

याच सुमाराचा एक किस्सा हेडन स्वतः सांगायचा. नोव्हेंबर १९५९ मध्ये कोलमनचा चौघांचा संच न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये वाजवायला लागला. रोज गर्दी, अर्धे लोक खूश, अर्धे चिडलेले. वाजवता वाजवता हेडननं डोळे उघडले तर समोर बारला टेकून मिंगस, पॉल चेंबर्स, विल्बर वेअर असे शहरातले मोठमोठे बेसवाले याच्याकडे बघत उभे. तेव्हापासून त्यानं डोळे मिटूनच वाजवायचं ठरवलं. पुढच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ बघ, तो वाद्यावर वाकलेला असतो, कान लाकडाला लावल्यासारखा आणि डोळे बंद.

आता तुझ्या ऑर्केस्ट्र्याचं. लग्नात अहिराणी गाणी वाजवतो याची तुला लाज वाटते, असं तू आडून आडून लिहिलंयस. मला ते अजिबात पटलं नाही. हेडन कुठून आला ते बघ. ६ ऑगस्ट १९३७, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं शेननडोआ नावाचं छोटं गाव. घरचेच सगळे मिळून रेडिओवर गावाकडची गाणी म्हणायचे. हा दोन वर्षांचा व्हायच्या आधीच त्या कार्यक्रमात गायला लागला, ‘काउबॉय चार्ली’ म्हणून. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, तो गळ्यावर गेला आणि गाणं सुटलं. गळा गेला तेव्हा हात बेसकडे वळला. पुढे लॉस एंजेलिसला संगीत शिकायला जायचं तर पैसे हवेत, म्हणून मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला ‘ओझार्क ज्युबिली’ या टीव्ही कार्यक्रमात तो गावरान गाण्यांच्या साथीला बेस वाजवत होता. तो त्यांचा ऑर्केस्ट्राच की. तिकडे जाऊन दोन-तीन वर्षांत त्यानं जॅझ उलटंपालटं करणाऱ्या माणसाबरोबर वाजवलं.

आणि ते करताना घरची गाणी त्यानं दाराबाहेर ठेवली नाहीत. ‘चेंज ऑफ द सेंच्युरी’ या अल्बमवर ‘रॅम्बलिन’ आहे, त्यातला बेसचा एकट्याचा भाग ऐक. तारा बोटांनी खरडून वाजवतोय, डोंगराळ भागातल्या बँजोवाल्यासारखा, आणि मधेच ‘ओल्ड जो क्लार्क’ या जुन्या लोकगीताची चाल डोकावते. सगळ्यात नव्या संगीताच्या मधोमध आजोळचं गाणं. तुझ्याकडेही साठा कमी नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर बाया ज्या गाण्यांवर फुगड्या घालतात, त्यांच्या चाली तुला पाठ आहेत. त्यांच्याखाली बेसचा कुठला सूर बसतो ते कधी शोधलंस? त्या चालींना कॉर्ड नसतात. कोलमनलाही नव्हते. एखादी साधी चाल घे, आईला किंवा मावशीला म्हणायला लाव आणि खाली दोनच सूर धरून बघ. जागा सापडेल तेव्हा गाणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही, तिचा आवाज आपोआप मोकळा होतो.

तर ऑर्केस्ट्रा सोडू नको, बरं का भो. लग्नसराईत रोज पाच-सहा तास वाजवायला मिळतं, आणि पैसेही. फक्त तिथं शेवटच्या सुराकडे लक्ष दे. आणि तुझ्या बेस गिटारवर थोडी खटपट कर. फ्लॅटवाउंड तारा मागव, वरून गुळगुळीत असतात त्या. ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, तारांखाली फोमचा एक पट्टा सरकव. उजवा हात पिकअपवरून उचलून गळ्याच्या टोकाकडे ने आणि टोनची खुंटी निम्म्यावर आण. डबल बेस होणार नाही ती गिटार, पण आवाजातला पत्रा जाईल. तुमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेसच्याच जागेत धिंगाणा घालत असणार. त्याला गोड बोलून तो हात वर घ्यायला लाव. खाली दोघं भांडले की समोर बसलेल्याला नुसता चिखल ऐकू येतो. मिक्सरच्या मागे उभं राहून मी हे किती वेळा सोसलंय!

ऐकण्याच्या बाबतीत पुढचं पाऊल म्हणजे दोघांचे अल्बम. बेस ऐकायला शिकायचं तर दोनच माणसांचं संगीत सगळ्यात चांगलं, लपायला जागाच नसते. पॅट मेथनीबरोबरचा ‘बियाँड द मिझुरी स्काय’, १९९७ चा. एक गिटारवाला, एक बेसवाला. त्यातलं ‘स्पिरिच्युअल’ हेडनच्या मुलाचं, जॉशचं. दोघंही मिझुरीच्या मातीत वाढलेले, आणि ती माती ऐकू येते असं मला तरी वाटतं. हँक जोन्स या म्हाताऱ्या पियानोवाल्याबरोबरचा ‘स्टील अवे’ चर्चमधल्या भजनांचा आहे. तिथं हेडन इतके कमी सूर वाजवतो की नवशिक्याला वाटेल हे आपल्यालाही जमेल. बसव मग. मेट्रोनोम, ते ठोके देणारं यंत्र, संथ लाव, एका मात्रेत एक सूर, आणि तो पुढच्या सुरापर्यंत जिवंत ठेव. घाम फुटतो.

‘जॅस्मिन’ सगळ्यात शेवटी ऐक. पियानोवाला कीथ जॅरेट आणि हेडन सत्तरच्या दशकात एका संचात वाजवायचे, मग बरीच वर्षं एकत्र आले नाहीत. २००७ मध्ये जॅरेटच्या घरच्या स्टुडिओत बसून त्यांनी जुनी प्रेमाची गाणी वाजवली, अल्बम २०१० मध्ये आला. जॅरेट एखादी ओळ लांबवतो, हेडन खाली एक सूर टाकतो आणि थांबतो. तो थांबतो तिथं मी बऱ्याचदा गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलंय. क्वार्टेट वेस्ट नावाचा त्याचा संच लोकांना फार आवडतो. जुन्या सिनेमांची हवा असलेला, गोड. मला थोडा जास्तच गोड लागतो, पण तू माझ्या जिभेनं जेवू नको.

आणि हा माणूस नुसता हळवा होता असंही समजू नको. १९७१ मध्ये पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती आणि आफ्रिकेतल्या वसाहतींशी युद्ध चालू होतं. तिथल्या कश्काइशच्या महोत्सवात हेडननं ‘साँग फॉर चे’ हे आपलं गाणं मोझांबिक, अंगोला आणि गिनीतल्या मुक्तिलढ्यांना अर्पण केलं. दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या विमानतळावर त्याला धरला आणि चौकशीला बसवला. त्याचं ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’ हे वेगळं प्रकरण आहे, त्यावर कधीतरी समोरासमोर बोलू.

प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल विचारलंस. हेडन ११ जुलै २०१४ ला गेला, त्यामुळे आता रेकॉर्डवरच भेट. त्याचे लाइव्ह अल्बम ऐकायचे तर ‘माँट्रियल टेप्स’ शोध. १९८९ च्या माँट्रियल महोत्सवात त्याला रोज रात्री वेगळ्या साथीदारांबरोबर बसवलं होतं. एका रात्री जेरी ॲलनचा पियानो आणि पॉल मोशनचे ड्रम, एका रात्री डॉन चेरी आणि एड ब्लॅकवेलचे ड्रम, एका रात्री गोन्झालो रुबालकाबाचा पियानो. बेसवाला एकच, वाद्य एकच, आणि तरी साथीदार बदलला की सुराची लांबी बदलते. शक्य असेल तर दोन रात्री पाठोपाठ ऐक. स्टुडिओतल्या अल्बममधून हे असं उघडं पडत नाही.

पण खरा डबल बेस एकदा तरी खोलीत बसून ऐकायलाच हवा. मुंबईला जॅझ यात्रा हा महोत्सव १९७८ मध्ये सुरू झाला, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्यावर. आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीनं जायचो, दिवसा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेट चाळायच्या आणि संध्याकाळी रंगभवन. ते रंगभवनही आता तसं राहिलं नाही आणि ऱ्हिदम हाउसही बंद झालं. आता एनसीपीए या मुंबईतल्या नाट्य-संगीत केंद्राच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. तिकीट महाग वाटलं तर मागचं घे, चालेल, फक्त बेसवाल्याच्या बाजूचं घे आणि स्पीकरच्या तोंडासमोर बसू नको. वेळेच्या बरंच आधी जा. साऊंड चेक ऐकायला मिळालं तर कार्यक्रमापेक्षा जास्त शिकशील.

असंच एकदा मी लवकर पोचलो होतो. बाहेरून आलेला एक बेसवाला, नाव आता आठवत नाही, त्यानं हॉलचा माइक स्टँडवरून काढला, खिशातला हातरुमाल त्याला गुंडाळला आणि ती गुंडाळी ब्रिजच्या दोन पायांमधल्या फटीत दाबून बसवली. माइकचं तोंड वर, तारांकडे. मग एकच ए तार वाजवली, डोकं तिरकं करून ऐकली, गुंडाळी बोटभर खाली ओढली आणि परत तीच तार. पंधरा-वीस मिनिटं फक्त हेच चाललं होतं. मिक्सरवरचा पोरगा दर वेळी बेसचा खटका वाढवायचा आणि हा मान हलवून कमी करायला लावायचा. माझ्यासारख्या भोंगेवाल्याला त्या संध्याकाळी आपला धंदा नव्यानं कळला. नंतर मी तमाशातल्या ढोलकीचा माइक पण पुडीच्या तोंडापासून जरा लांब सरकवायला लागलो. फडाचे मालक आवाज कमी आला म्हणून ओरडायचे, पण ढोलकीवाले खूश असायचे.

आणखी एक, आणि हे मात्र मनावर घे. हेडनला कानाचा त्रास होता. कानात सतत आवाज घुमायचा आणि मोठा आवाज सहन होईना. ड्रमचा मारा अडवायला तो स्टेजवर आपल्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावून घ्यायचा, कानात बूच घालायचा. तू रोज डीजेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभा असतोस. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, किरकोळ किंमत असते. आजच आण. पोरं हसली तर हसू देत. मला उजव्या कानानं बारीक आवाज आता येत नाहीत, डॉक्टरनं सांगितलं भोंग्यांची कृपा.

डबल बेस विकत घ्यायचं सध्या डोक्यातून काढ. साधा प्लायवुडचासुद्धा तुझ्या सेकंडहँड मोटरसायकलपेक्षा महाग पडेल. शिवाय आपली हवा बघ. मे महिन्यात पंचेचाळीसचा कोरडा उन्हाळा आणि लगेच पुढे ओल. अखंड लाकडाचा पुढचा भाग अशा हवेत तडकतो, सांधे सुटतात, आणि दुरुस्त करणारा माणूस मुंबई-पुण्याकडे. कधी घेतलाच तर प्लायवुडचाच घे, आणि खिडकीपासून आणि कूलरपासून लांब ठेव. माणसाएवढं उंच वाद्य एसटीत कसं चढवणार, कंडक्टर तिकीट मागेल की लगेजची पावती, तेही एकदा ठरव. आधी मुंबईला कुणाकडे तास-दोन तास हात लावायला मिळतो का बघ. तुझ्या गिटारची तार साधारण ३४ इंचांची, तिथं ४१-४२ ची असते. बोटांमधली अंतरं बदलतात, खांदा दुखतो. हात लावून बघितल्यावरही ओढ तशीच राहिली तर आपण पैशाचं काय ते बघू.

पुढच्या रविवारी ये. दुपारी येऊ नको, मी झोपतो. चार वाजेनंतर ये. हेडफोन आण, गिटार आण आणि केबल तुझीच आण, माझ्याकडच्या सगळ्या खरखरतात. ‘लोनली वुमन’ची बेसची ओळ गाऊन दाखवायची, निदान पहिलं मिनिट. सुरात नसली तरी चालेल, लांबी बरोबर पाहिजे. काकूनं बामणोदची हिरवी वांगी आणायला सांगितलीत, तेव्हा रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. घरी सांगून ये की उशीर होईल.

तुझा,
नाना